संगीतनिर्मितीसाठी लिनक्स वितरणाची निवड

ध्वनिमुद्रण, संगीतरचना, ध्वनिमिश्रण आणि ध्वनिसंपादन या कामांसाठी लिनक्सवर आधारित योग्य संचालन प्रणाली ठरवण्याच्या प्रक्रियेला संगीतनिर्मितीसाठी लिनक्स वितरणाची निवड असे म्हणता येते. लिनक्स कर्नल, त्यावर चालणारी मूलभूत साधने, चित्रमय आंतरपृष्ठ आणि निवडक सॉफ्टवेअर यांचा एकत्रित व स्थापित करण्याजोगा संच म्हणजे लिनक्स वितरण होय. उबुंटू स्टुडिओ, एव्ही लिनक्स आणि फेडोरा जॅम ही वितरणे खास ध्वनिकामासाठी तयार केलेली आहेत. डेबियन, फेडोरा, आर्च लिनक्स यांसारख्या सर्वसाधारण वितरणांवरही तीच कामे करता येतात.

२०२० नंतर पाइपवायर हा ध्वनी सर्व्हर बहुतेक वितरणांत रूढ झाला आणि २०२४ मध्ये वास्तव-वेळ क्षमता मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट झाली. त्यामुळे खास आणि सर्वसाधारण वितरणांतील तांत्रिक अंतर बरेच कमी झाले आहे. परिणामी आज निवड करताना वितरणाच्या नावापेक्षा कामाचे स्वरूप, उपलब्ध यंत्रसामग्री, अद्यतनांचा कालावधी आणि अडचणीच्या वेळी मिळणारी मदत हे घटक अधिक निर्णायक ठरतात.

पार्श्वभूमी

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या काळात त्यातील ध्वनिव्यवस्था साधी होती. संगीत ऐकणे शक्य असले, तरी अनेक ध्वनिपट्ट्यांचे एकाच वेळी मुद्रण करणे अवघड होते. यारोस्लाव कायसेला यांनी १९९८ मध्ये अल्सा हा प्रकल्प सुरू केला. २००३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या कर्नलच्या २.६ आवृत्तीपासून अल्सा ही लिनक्सची प्रमाण ध्वनिव्यवस्था बनली.

याच सुमारास पॉल डेव्हिस यांनी आर्डर या बहुपट्टी ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरचे काम हाती घेतले. त्यातूनच जॅक हा कमी विलंबाचा ध्वनी सर्व्हर वेगळा होऊन विकसित झाला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगणकीय संगीत केंद्रातून प्लॅनेट सीसीआरएमए हा सॉफ्टवेअर-संग्रह उपलब्ध झाला. युरोपात अग्नुला या प्रकल्पाने डेबियनवर आधारलेले संगीत-वितरण तयार केले. त्या काळी संगीतकाराला योग्य कर्नल, योग्य चालक आणि योग्य परवानग्या यांची जुळवाजुळव स्वतःच करावी लागे. खास वितरणांचा जन्म ही जुळवाजुळव टाळण्याच्या गरजेतून झाला. उबुंटू स्टुडिओची पहिली आवृत्ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली.

वितरणांतील समान आणि भिन्न भाग

सर्व वितरणांचा गाभा सारखाच असतो. अल्सा, पाइपवायर, आर्डर, ऑडॅसिटी, हायड्रोजन, म्यूझस्कोर ही सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक मोठ्या वितरणाच्या भांडारात उपलब्ध असतात. एका वितरणावर मुद्रित केलेला आवाज दुसऱ्या वितरणावर मुद्रित केलेल्या आवाजापेक्षा गोड किंवा स्वच्छ नसतो. ध्वनीची गुणवत्ता माइक, खोलीची रचना, ऑडिओ इंटरफेस आणि गाणारा-वाजवणारा यांवर अवलंबून असते.

वितरणांमध्ये प्रत्यक्षात पुढील बाबी वेगळ्या असतात :

- स्थापनेनंतर लगेच वापरता येणाऱ्या संगीत-सॉफ्टवेअरची संख्या
- कर्नलची बांधणी आणि त्याचे पूर्वनिर्धारित पर्याय
- वापरकर्त्याला वास्तव-वेळ प्राधान्य मिळण्यासाठी लागणाऱ्या परवानग्या आधीच दिलेल्या आहेत की नाहीत
- सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचे नवेपण आणि अद्यतनांची वारंवारिता
- सुरक्षा-अद्यतने मिळण्याचा एकूण कालावधी
- संगणकावर पडणारा भार

यांपैकी पहिल्या तीन बाबी सर्वसाधारण वितरणावर नंतरही जुळवता येतात. शेवटच्या तीन मात्र वितरणाच्या धोरणाचा भाग असल्याने बदलता येत नाहीत. म्हणून निवडीचा विचार या तिन्हींपासून सुरू करणे सोयीचे ठरते.

विलंब

माइकमधून आलेला आवाज संगणकातून प्रक्रिया होऊन हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंत जो काळ जातो त्याला विलंब म्हणतात. संगणक आवाजावर सलगपणे काम करत नाही. ध्वनीचे ठरावीक नमुने बफरमध्ये साठले की तो ते एकत्र हाताळतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असतील आणि बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर एक बफर भरण्यास सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात. १,०२४ नमुन्यांच्या बफरला सुमारे २१.३ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येणे आणि बाहेर जाणे या दोन्ही वेळी बफर लागत असल्याने प्रत्यक्ष विलंब याहून अधिक असतो.

हवेतून ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब हा साधारण साडेतीन मीटर अंतरावर बसलेल्या वादकाचा आवाज ऐकण्यासारखा आहे. एवढा विलंब बहुतेकांना खटकत नाही. तो ३० ते ४० मिलिसेकंदांपर्यंत गेला की कळ दाबणे आणि सूर उमटणे यांतील फट जाणवू लागते आणि समेवर येणे कठीण होते.

बफर लहान केल्यास विलंब कमी होतो, परंतु संगणकाला प्रत्येक बफर वेळेत पूर्ण करण्यासाठी कमी अवधी मिळतो. हा अवधी चुकला की आवाजात खरखर, टिचकी किंवा खंड येतो. या घटनेला एक्सरन म्हणतात. ध्वनिकामासाठीच्या सर्व जुळवणीचा हेतू एक्सरन टाळून विलंब आटोक्यात ठेवणे हा असतो.

कमी विलंबाची गरज सर्वच कामांना नसते, ही बाब निवडीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मिडी कळफलकावरून संगणकातील वाद्य वाजवताना किंवा स्वतःचा आवाज संगणकातील परिणामांसह ऐकत गाताना विलंब कमी असावाच लागतो. याउलट समोरासमोर बसून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे मुद्रण करताना कलाकार एकमेकांना थेट हवेतून ऐकतात. तेथे बफर मोठा ठेवला तरी बिघडत नाही, उलट मुद्रण अधिक निर्धोक होते. अनेक ऑडिओ इंटरफेसमध्ये माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला देण्याची सोय असते. ती वापरल्यास एकट्या गायकाच्या मुद्रणातही संगणकाचा विलंब आड येत नाही.

कर्नल

सर्वसाधारण कर्नल अनेक कामांना न्याय देण्याचा प्रयत्न करते. त्यामुळे ध्वनीचे तातडीचे काम कधी कधी खोळंबते. यावर उपाय म्हणून वास्तव-वेळ कर्नलचा विकास झाला. त्यात तातडीच्या कामासाठी कर्नलमधील बहुतेक इतर कामे मध्येच थांबवता येतात. थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोलनार आणि इतर विकासकांनी चालवलेले हे काम जवळजवळ दोन दशके मुख्य कर्नलबाहेर पॅचच्या स्वरूपात होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा शेवटचा महत्त्वाचा भाग मुख्य कर्नलमध्ये स्वीकारला गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१२ आवृत्तीत ही क्षमता उपलब्ध झाली. तथापि ती कर्नल बांधतानाचा एक पर्याय आहे. वितरणाने तो निवडला असेल तरच ती कार्यान्वित होते. डेबियन आणि आर्च लिनक्स यांच्या भांडारांत वास्तव-वेळ कर्नल वेगळे पॅकेज म्हणून मिळते.

बहुतेक संगीतकारांना वास्तव-वेळ कर्नलची आवश्यकता भासत नाही. आधुनिक सर्वसाधारण कर्नलला संगणक सुरू होताना पूर्ण पूर्वग्रहणाचा पर्याय देता येतो. यंत्रसामग्रीकडून येणारे व्यत्यय स्वतंत्र धाग्यांत हाताळण्याची सोयही त्यात आहे. या दोन पर्यायांसह ध्वनी सर्व्हरला वास्तव-वेळ प्राधान्याची परवानगी दिली आणि प्रोसेसरची वीजबचत तात्पुरती बंद केली, की सामान्य लॅपटॉपवरही १२८ किंवा २५६ नमुन्यांचा बफर बहुधा स्थिर राहतो. एक्सरन चालूच राहिल्यास वाय-फाय चालक, ग्राफिक्स चालक किंवा यूएसबी जोडणी यांपैकी एखादे कारण असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी वितरण बदलण्यापूर्वी वाय-फाय बंद करून पाहणे हा साधा उपाय प्रथम केला जातो.

ध्वनी सर्व्हर

अल्सा ही व्यवस्था कर्नल आणि साउंड कार्ड यांच्यातील दुवा आहे. तिच्यावर ध्वनी सर्व्हर काम करतो आणि वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचा आवाज एकत्र आणतो. २००७ च्या सुमारापासून दैनंदिन वापरासाठी पल्सऑडिओ आणि संगीतनिर्मितीसाठी जॅक अशी विभागणी रूढ होती. हे दोन्ही सर्व्हर एकाच साउंड कार्डवर हक्क सांगत. त्यामुळे आर्डर चालू असताना ब्राउझरमधील आवाज बंद पडणे ही नवशिक्यांची नेहमीची अडचण असे. तिच्यावर तोडगा काढणारी साधने पुरवणे हे खास वितरणांचे एक मोठे आकर्षण होते.

विम टायमन्स यांनी विकसित केलेल्या पाइपवायरने ही विभागणी संपवली. पल्सऑडिओसाठी आणि जॅकसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर पाइपवायरवर बदल न करता चालतात. फेडोराने एप्रिल २०२१ मधील ३४ व्या आवृत्तीत ध्वनीसाठी पाइपवायर पूर्वनिर्धारित केले. उबुंटूने ऑक्टोबर २०२२ मधील २२.१० आवृत्तीत तेच केले. पाइपवायरची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. जॅक आजही स्वतंत्रपणे वापरता येतो.

प्रमुख वितरणे

उबुंटू स्टुडिओ हे उबुंटूचे अधिकृत उपवितरण आहे. ध्वनीबरोबर चित्रफीत, छायाचित्रण आणि ग्राफिक्स यांची सॉफ्टवेअरही त्यात असतात. २०२० मधील २०.१० आवृत्तीपासून त्यात केडीई प्लाझ्मा हे आंतरपृष्ठ वापरले जाते. दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घकालीन आवृत्तीला तीन वर्षे आधार मिळतो. आधीपासून उबुंटू असलेल्या संगणकावर उबुंटू स्टुडिओची साधने नंतर जोडण्याचीही सोय आहे. नवशिक्यांसाठी हे वितरण बहुधा प्रथम सुचवले जाते.

एव्ही लिनक्स हे डेबियन आणि एमएक्स लिनक्स यांच्यावर आधारलेले वितरण असून ग्लेन मॅकआर्थर यांनी ते विकसित केले आहे. त्यात ध्वनिकामासाठीची जुळवणी आधीच केलेली असते आणि तपशीलवार मार्गदर्शिकाही दिलेली असते. मात्र त्याचा विकास मुख्यतः एका व्यक्तीवर अवलंबून आहे.

फेडोरा जॅम ही फेडोराची संगीतासाठीची आवृत्ती आहे. तिच्यात नवे तंत्रज्ञान लवकर येते. फेडोराची प्रत्येक आवृत्ती सुमारे १३ महिनेच समर्थित असल्याने वर्षातून किमान एकदा मोठे अद्यतन करावे लागते.

डेबियन हे सुमारे दोन वर्षांनी नवी स्थिर आवृत्ती देणारे वितरण आहे. दीर्घकालीन आधार धरून प्रत्येक आवृत्तीला एकूण पाच वर्षे सुरक्षा-अद्यतने मिळतात. संगीत-सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुन्या असल्या तरी एकदा जुळवलेली व्यवस्था वर्षानुवर्षे तशीच चालते.

आर्च लिनक्स हे अखंड अद्ययावत होणारे वितरण आहे. त्याच्या भांडारात व्यावसायिक ध्वनिकामाचा स्वतंत्र पॅकेज-गट आहे. सर्व जुळवणी वापरकर्त्याने स्वतः करावी अशी अपेक्षा असल्याने ते अनुभवी वापरकर्त्यांना अधिक मानवते.

केएक्सस्टुडिओ हा फिलिपे कोएल्यो यांचा प्रकल्प आज डेबियन व उबुंटूसाठीचे सॉफ्टवेअर-भांडार म्हणून उपलब्ध आहे. कार्ला हे प्लगइन चालवणारे प्रसिद्ध सॉफ्टवेअर याच प्रकल्पातील आहे.

भारतात सी-डॅकने विकसित केलेले बॉस लिनक्स हे डेबियनवर आधारलेले असून मराठीसह अनेक भारतीय भाषांना आधार देते. ते शासकीय आणि शैक्षणिक वापर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले आहे. ध्वनिकामासाठीची खास जुळवणी हा त्याचा हेतू नाही.

निवडीचे निकष

कामाचे स्वरूप : केवळ भाषण किंवा एकट्याचे गायन मुद्रित करून संपादित करायचे असल्यास कोणतेही वितरण आणि ऑडॅसिटी पुरेसे ठरते. अनेक माइकद्वारे समूहाचे मुद्रण करायचे असल्यास आर्डर आणि स्थिर वितरण उपयुक्त असते. संगणकातील वाद्यांवर रचना करणाऱ्यांना नव्या आवृत्त्यांचे प्लगइन लागतात. त्यांना फेडोरा, आर्च किंवा उबुंटू स्टुडिओची ताजी आवृत्ती सोयीची पडते.

यंत्रसामग्री : यूएसबीच्या प्रमाण ध्वनिवर्गाचे पालन करणारे ऑडिओ इंटरफेस वेगळ्या चालकाशिवाय चालतात. ज्या इंटरफेसचे नियंत्रण केवळ उत्पादकाच्या विंडोज किंवा मॅकवरील सॉफ्टवेअरमधून होते, त्यांची काही वैशिष्ट्ये लिनक्सवर मिळत नाहीत. अगदी नव्या लॅपटॉपला नवे कर्नल असलेले वितरण आणि जुन्या लॅपटॉपला हलके आंतरपृष्ठ असलेले वितरण मानवते. डेबियनने ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांवरील नवी स्थापना बंद केली आहे.

आवश्यक सॉफ्टवेअर : रीपर, बिटविग स्टुडिओ, रेनॉइज ही व्यावसायिक सॉफ्टवेअर लिनक्ससाठी उपलब्ध आहेत. एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, क्यूबेस, प्रो टूल्स आणि लॉजिक प्रो यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. विंडोजसाठीचे काही प्लगइन वाइन आणि याब्रिज यांच्या साहाय्याने चालतात, पण परवाना तपासणारी यंत्रणा अडथळा ठरू शकते. सहकारी कलाकार यांपैकी एखाद्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतील, तर कोणतेही वितरण ही उणीव भरून काढत नाही.

अद्यतने : मुद्रणाचा कार्यक्रम तोंडावर असताना मोठे अद्यतन करणे टाळले जाते. ज्या वितरणात अद्यतने पुढे ढकलता येतात, ते प्रत्यक्ष मुद्रणासाठी अधिक भरवशाचे असते.

मदत : परिसरातील परिचित व्यक्ती, शिक्षक किंवा संगणक दुरुस्ती करणारा ज्या वितरणाशी परिचित आहे ते निवडणे हा व्यवहार्य निकष आहे.

भारतीय संगीताच्या गरजा

संगीत-सॉफ्टवेअरची पूर्वनिर्धारित रचना पाश्चात्त्य संगीताला अनुसरते. सप्तकाचे बारा समान भाग आणि चार मात्रांचे माप ही त्याची गृहीतके असतात. हिंदुस्तानी संगीतात षड्ज गायकाच्या पट्टीनुसार ठरतो आणि रागांतील स्वर समान विभागणीपासून किंचित ढळलेले असतात. सर्ज एक्सटी आणि झिनअॅडसबएफएक्स या मुक्त सिंथेसायझरमध्ये स्वरांतरांची तक्ता-फाइल देऊन स्वतंत्र स्वरजुळवणी करता येते. तालासाठी हायड्रोजनमध्ये वेगवेगळ्या लांबीचे आकृतिबंध रचता येतात. झपतालाच्या १० किंवा रूपकाच्या ७ मात्रा त्यात मांडणे शक्य आहे. तबला किंवा पखवाजाचे बोल स्वतः मुद्रित करून नवा वाद्यसंच तयार करण्याची सोयही आहे.

तबल्याच्या बोलांची संगणकीय मांडणी करण्याचा एक आरंभीचा प्रयत्न म्हणजे बर्नार्ड बेल यांचे बोल प्रोसेसर. मानववंश-संगीतशास्त्रज्ञ जेम्स किपेन यांच्या तबल्यावरील संशोधनाच्या संदर्भात १९८० च्या दशकात ते विकसित झाले. कायद्याच्या विस्तारामागील नियम व्याकरणाप्रमाणे मांडता येतील का, हा त्यामागील प्रश्न होता. हे सॉफ्टवेअर आज मुक्त स्रोत स्वरूपात असून लिनक्सवरही चालते.

मराठी भाषा आणि शिक्षणसाहित्य

प्रमुख वितरणांत देवनागरी टंक आणि इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असतात. रेड हॅटच्या पुढाकाराने तयार झालेल्या लोहित टंकमालिकेचा यात मोठा वाटा आहे. फाइल आणि ध्वनिपट्ट्यांची नावे मराठीत लिहिता येतात. त्यामुळे एका पट्टीला 'पखवाज' आणि दुसरीला 'टाळ' असे नाव देऊन काम करता येते. नोम व केडीई या आंतरपृष्ठांची मराठी भाषांतरे आहेत. व्यावसायिक स्वरूपाच्या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये मात्र इंग्रजी संज्ञांचाच वापर करावा लागतो.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचे शिक्षण देणाऱ्या लहान चित्रफिती तयार करतो आणि त्यांचे भारतीय भाषांत ध्वन्यंतर करतो. त्याला केंद्र शासनाच्या माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाचे अर्थसाहाय्य मिळाले आहे. उबुंटू लिनक्स आणि ऑडॅसिटी हे दोन्ही विषय त्यात समाविष्ट आहेत.

तालुका पातळीवरील वापर

परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्याच्या ठिकाणी निवडीचे निकष महानगरांतील स्टुडिओपेक्षा वेगळे ठरतात. गोदावरीकाठच्या या परिसरात वारकरी परंपरा रुजलेली आहे. शेजारचे गंगाखेड संत जनाबाईंचे गाव म्हणून ओळखले जाते. भजन, कीर्तन, भारूड आणि हरिनाम सप्ताह यांचे मुद्रण हे अशा ठिकाणचे स्वाभाविक काम होय. त्यात पेटी, पखवाज, वीणा, टाळ आणि अनेक गायक एकाच वेळी असतात. कार्यक्रम पुन्हा घेता येत नसल्याने मुद्रणात खंड पडणे परवडत नाही. वर पाहिल्याप्रमाणे येथे कमी विलंबापेक्षा मोठा बफर आणि स्थिर वितरण अधिक उपयोगी पडते.

साठवणीचा अंदाज आधी घ्यावा लागतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि २४ बिट या प्रमाणाने एका पट्टीला तासाला सुमारे ५२ कोटी बाइट लागतात. आठ पट्ट्यांचे दोन तासांचे कीर्तन सुमारे ८.३ जीबी जागा घेते. एकच बहुपट्टी वेव्ह फाइल साधारण ४ जीबीपलीकडे जाऊ शकत नाही. आर्डर प्रत्येक पट्टीची फाइल वेगळी लिहीत असल्याने दीर्घ मुद्रणात ही मर्यादा सहसा आड येत नाही.

वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी बॅटरी चांगल्या स्थितीत असलेला लॅपटॉप हा डेस्कटॉपपेक्षा सुरक्षित पर्याय असतो. ध्वनिक्षेपकाच्या मिश्रकाला जोडलेल्या लॅपटॉपमध्ये विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारितेची घरघर ऐकू येत असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केल्याने ती अनेकदा नाहीशी होते. आर्डर काम चालू असताना ध्वनी थेट डिस्कवर लिहीत राहते. त्यामुळे संगणक अचानक बंद पडल्यास तोवरचे बरेचसे मुद्रण वाचू शकते.

इंटरनेटचा वेग मर्यादित असल्यास वितरणाचा आकारही विचारात घ्यावा लागतो. उबुंटू स्टुडिओची स्थापना-प्रतिमा काही गिगाबाइटची असते, पण तिच्यात जवळजवळ सर्व सॉफ्टवेअर एकत्र मिळते. एकदा पेनड्राइव्हवर घेतल्यास ती इंटरनेटशिवाय अनेक संगणकांवर स्थापित करता येते. डेबियनची जाळ्यावरून स्थापना करणारी प्रतिमा काही शे मेगाबाइटचीच असते, परंतु उरलेले सर्व इंटरनेटवरून घ्यावे लागते. बहुतेक वितरणे पेनड्राइव्हवरून स्थापना न करताही सुरू करता येतात. साउंड कार्ड, माइक आणि इंटरफेस ओळखले जातात की नाही हे त्यातून खर्चाविना तपासता येते.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटी पूर्ण न करणारे अनेक संगणक त्यामुळे सुरक्षा-अद्यतनांविना राहिले. शाळा, ग्रंथालये आणि घरे यांतील असे ४ जीबी स्मृतीचे संगणक हलक्या आंतरपृष्ठासह मुद्रण व संपादनासाठी वापरता येतात. अनेक प्लगइनसह मोठे मिश्रण करण्यास मात्र ८ जीबी किंवा अधिक स्मृती असणे इष्ट असते.

मुद्रणांचे जतन

वितरणाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा प्रश्न मुद्रणे दीर्घकाळ उघडता येण्याचा असतो. याचे महाराष्ट्रातील मोठे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्यातून सुरू केलेल्या या प्रकल्पात राज्यातील एक हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. परभणी जिल्ह्यातील स्त्रियांच्या ओव्याही त्यात आहेत. बोल प्रोसेसरचे कर्ते बर्नार्ड बेल १९९० च्या दशकात या कामात सहभागी झाले. त्यांच्या साहाय्याने १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणांची टिपणांसह नोंद झाली. हा संग्रह पुढे पारी या संकेतस्थळावरून लोकांपर्यंत पोहोचू लागला. गिरण्या आल्यानंतर जात्यावर दळण्याचा प्रघात मागे पडला. त्यामुळे यांतील अनेक चाली पुन्हा मुद्रित करता येणे अवघड आहे.

अशा सामग्रीसाठी खुले स्वरूप उपयुक्त ठरते. वेव्ह आणि फ्लॅक ही ध्वनिस्वरूपे कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नाहीत. फ्लॅकमध्ये गुणवत्ता न गमावता आकार कमी होतो. आर्डरचा प्रकल्प म्हणजे वेव्ह फाइलींचा संच आणि त्यांची मांडणी सांगणारी मजकूर स्वरूपातील एक फाइल असते. भविष्यात आर्डर उपलब्ध नसले, तरी मूळ आवाज कोणत्याही प्रणालीवर ऐकता येतो. हा गुण सर्व वितरणांना समान आहे. वितरण बदलले तरी मुद्रणे तशीच पुढे नेता येतात.

मर्यादा

लिनक्सवर संगीतनिर्मिती करताना काही मर्यादा कायम राहतात. लोकप्रिय व्यावसायिक नमुना-वाद्यसंचांपैकी अनेक लिनक्ससाठी उपलब्ध नसतात. भारतीय वाद्यांचे उत्तम प्रतीचे मुक्त संच थोडे आहेत. इंटरफेसच्या उत्पादकांकडून लिनक्सविषयी अधिकृत मदत क्वचितच मिळते. आर्डरसारखे सॉफ्टवेअर वितरणाच्या भांडारातून विनामूल्य मिळते, परंतु विकासकांनी तयार केलेल्या अधिकृत प्रतीसाठी शुल्क आकारले जाते. या शुल्कावरच त्याचा विकास मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

खास वितरणे लहान स्वयंसेवी गटांवर किंवा एका व्यक्तीवर विसंबून असल्याने ती बंद पडण्याचा धोकाही असतो. ६४ स्टुडिओ या एकेकाळच्या परिचित संगीत-वितरणाचा विकास थांबला आहे. त्यामुळे दीर्घ मुदतीच्या कामासाठी मोठ्या समुदायाचा आधार असलेले मूळ वितरण निवडून त्यावर संगीताची साधने जोडणे हा मार्ग अनेकदा अवलंबला जातो. शिकण्याच्या आरंभी मात्र सर्व साधने एकत्र देणारे खास वितरण वेळ वाचवते.